चौदा नंबरच्या व्हॉल्व्हची शेपटी

बनसोडे मॅडम गेल्याचं मला भाजीबरोबर कळलं. दुपारची वेळ होती. मी आतल्या खोलीत संगणकापुढे बसलो होतो. बायको बाजारातून आली, भेंडीची पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि दारात उभी राहून म्हणाली, “अहो, तुमच्या ऑफिसातल्या त्या बनसोडे मॅडम वारल्या म्हणे. परवा.” मी मान न वळवता नुसतं “हं” केलं. पडद्यावर शंभरेक पाईपांच्या जाळ्याचं गणित चालू होतं आणि ते सुटतंय की अडकतंय याकडे माझं सगळं लक्ष होतं. ते सुटलं. मग मी वळून विचारलं, “काय म्हणालीस?” तिनं तेच वाक्य परत सांगितलं, पुढचंही सांगितलं. कावीळ झाली होती, तीन आठवडे दवाखान्यात होत्या, मग एकाएकी बिघडलं. गावी जेऊरला नेलं आणि तिथंच सगळं झालं. जुळे सोलापुरात त्यांचं घर माझ्या घरापासून स्कूटरवर तीन मिनिटं. तीन आठवडे त्या दवाखान्यात होत्या आणि मला पत्ता नव्हता. खरं तर पत्ता लागू नये अशी व्यवस्था दोन वर्षांपासून मीच करून ठेवली होती. आता या गोष्टीला दीड महिना झाला. हे लिहायला मी रोज बसतो आणि चार ओळी खोडून उठतो. थकलोय. पन्नाशीनंतर सगळे थकतात तसा नव्हे… एखादी गोष्ट फार दिवस उचलून धरली की हात जसा भरून येतो, तसा.

सुनंदा बनसोडे हे त्यांचं पूर्ण नाव. पंधरा वर्षं बरोबर काम करून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही आणि त्यांनीही मला ‘माने सर’वरून खाली उतरवलं नाही. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. दोघंही सोलापूर जिल्ह्यातले, दोघांचंही इंजिनिअरिंग सोलापुरात झालेलं, म्हणून पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी मोठ्या उत्साहानं त्यांच्यासमोर जाऊन बसलो होतो. “तुम्ही कुठल्या?” म्हटलं. “जेऊर,” म्हणाल्या. “मी माढ्याकडचा,” मी म्हणालो. त्यावर त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, बाईंना राग आला की काय. पुढे कळलं की त्यांची बोलण्याची पद्धत तीच होती. जे द्यायचं ते देऊन टाकायचं, वर भाषण नाही.

आमचं काम कुणाला सांगायचं म्हटलं की पंचाईत होते. नातेवाइकांत मी ‘पाईपांचं काहीतरी करतो’ म्हणून ओळखला जातो. एका लग्नात तर एकानं मला बोअरच्या पाईपचा भाव विचारला होता. तरी इथं थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय मॅडम कशा होत्या ते कळायचं नाही. कुकरची शिट्टी सगळ्यांना माहीत असते. कारखान्यातल्या मोठ्या टाक्यांनाही तसलीच शिट्टी असते, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. आतला दाब फार वाढला की स्प्रिंग उचलली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. कुकरची वाफ स्वयंपाकघरात सोडली तरी चालते, कारखान्यातला वायू तसा मोकळा सोडता येत नाही. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या मागे एक पाईप असतो, ते सगळे पाईप एका मोठ्या नळाला मिळतात, आणि तो नळ एका उंच खांबाच्या टोकाशी जातो, जिथं तो वायू जाळून टाकतात. लांबून जी ज्योत दिसते तो फ्लेअर. हे सगळं जाळं संगणकात उभं करायचं, कुठल्या संकटात कुठले व्हॉल्व्ह एकदम उघडतील ते धरायचं आणि कुठला पाईप किती जाड हवा ते ठरवायचं, हा आमचा उद्योग. व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटलेल्या त्या पहिल्या पाईपला आम्ही ऑफिसात शेपटी म्हणायचो. पाच-दहा मीटरचा किरकोळ तुकडा. मोठ्या नळावर चर्चा करायला दहा माणसं बसतात, शेपटीकडे कोणी बघत नाही. बनसोडे मॅडम बघायच्या.

शेपटीच्या गणितात एक खोच आहे आणि आमचं जे काही बिनसलं ते तिच्यावरूनच. प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन आकडे असतात. एक गरजेचा, म्हणजे वाईटात वाईट वेळी किती वायू बाहेर काढावा लागेल तो. दुसरा क्षमतेचा, म्हणजे तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर किती वायू सोडेल तो. व्हॉल्व्ह शर्टासारखे ठरावीक मापांतच मिळतात, त्यामुळे गरजेपेक्षा थोडा मोठाच घ्यावा लागतो. मोठा नळ गरजेच्या आकड्यावर ठरवला तरी चालतो. शेपटी मात्र क्षमतेच्याच आकड्यावर ठरवावी लागते, कारण असला व्हॉल्व्ह एकदा उचलला गेला की पूर्ण उघडतो. शेपटी बारीक पडली तर वायू पुढे सरकत नाही, मागे दाब साठतो, व्हॉल्व्ह आपटून बंद होतो, पुन्हा उघडतो, पुन्हा आपटतो. असा थडथडत राहिला की एक तर तो स्वतः निकामी होतो, नाहीतर जोड सुटतात. ज्या क्षणासाठी तो बसवलेला असतो त्याच क्षणी तो उपयोगी पडत नाही, आणि खाली माणसं काम करत असतात.

मॅडम चेकर होत्या. दुसऱ्यांनी केलेलं गणित तपासायचं आणि ‘तपासले’ या रकान्यात सही करायची, हे त्यांचं काम. बाकीचे चेकर पडद्यावर आकडे चाळत आणि लाल फुल्या मारत. मॅडमनी आयुष्यात कधी फुली मारली नाही. त्या प्रत्येक शेपटीचं गणित पाठकोऱ्या कागदावर हातानं करायच्या आणि जिथं पटत नाही तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायच्या, ‘का?’ एवढंच. माझी एक फाईल त्यांच्याकडून चाळीस ‘का?’ घेऊन परत आली होती. मी वैतागून म्हटलं, “मॅडम, चूक आहे तर चूक म्हणा ना सरळ.” तर म्हणाल्या, “चूक आहे का नाही ते तुम्हालाच माहीत असणार की. तुम्ही केलंय.” चाळीसांपैकी एकोणतीस चुका निघाल्या. उरलेल्या अकरांची उत्तरं मी त्यांना लिहून दिली आणि त्यांनी ती एकेक वाचून पेन्सिलीचे ‘का?’ रबरानं पुसले.

कोविडनंतर कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली आणि आम्ही दोघंही सोलापूरला परतलो. महिन्यातून एकदा पुण्याला हजेरी असे. मी गाडी काढायचो, मॅडम चौकात येऊन उभ्या राहायच्या, गाडीत बसल्या की मांडीवर डबा. टेंभुर्णीला चहा ठरलेला. त्या गाडीत त्या थोड्या बोलायच्या, रस्त्याकडे बघत. वडील रेल्वेत गँगमध्ये होते. रूळ पकडून धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीनं ठोकत रोज कोसन्‌कोस चालायचे, एखादी सैल लागली की बसवायचे. “एकदा मी विचारलं, दादा, एखादी राहिली तर कुणाला कळणार हाय?” असं सांगताना त्यांची भाषा नकळत जेऊरची व्हायची. “तर दादा म्हणाले, गाडीला कळंल की.” हे सांगून त्या एकट्याच हसल्या होत्या. मीही हसलो, पण उगाच, सोबत म्हणून.

आता न आवडणारं सांगतो. मॅडम माझ्याआधी दोन वर्षं कंपनीत लागलेल्या. काम माझ्यापेक्षा जास्त येत होतं, हे कंपनीत झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत. तरी लीड इंजिनिअरची जागा निघाली तेव्हा ती मला मिळाली. साहेबांनी कारण दिलं ते असं, की बाई अबोल आहेत, क्लायंटपुढे मिसळत नाहीत. मी ते ऐकून घेतलं. खरं कारण काय असेल याचा अंदाज मला येत होता, बनसोडे या आडनावासकट येत होता, पण तो अंदाज पुरता करायचा नाही अशी सोय मी स्वतःपुरती करून घेतली. मॅडमनी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. पुढच्या प्रवासात टेंभुर्णीचा चहा त्यांनी पाजला. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, आणि न बोलण्याला मी समजूतदारपणा समजत राहिलो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कोकणातल्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. चौतीस व्हॉल्व्ह होते. जाळं उभं राहिलं, शेपट्या ठरल्या, कागद गेले, तिकडे पाईप वेल्डिंग होऊन उभेही राहिले. मग चौदा नंबरचा व्हॉल्व्ह आला तो मागितलेल्यापेक्षा एक माप मोठा. पुरवठादाराकडे हवं ते माप शिल्लक नव्हतं. मी त्याचं पत्र वाचलं आणि ‘चालेल’ लिहून टाकलं. गरज तेवढीच आहे, व्हॉल्व्ह मोठा आहे, म्हणजे उलट जास्त सुरक्षित… ही चूक बाहेरचा माणूस करणार नाही, कारण तो विचारेल तरी. ती करायला आमच्यासारखा वीस वर्षं काम केलेला, सगळं माहीत असलेला माणूस लागतो. व्हॉल्व्ह मोठा झाला म्हणजे त्याची क्षमता वाढली, आणि शेपटी तीच राहिली, चार इंची.

मॅडमनी हे गाडीतच काढलं. टेंभुर्णी दहा-पंधरा किलोमीटरवर आली होती. “माने सर, चौदा नंबरची शेपटी बदलावी लागणार. सहा इंची.” मी म्हणालो, “मॅडम, तो पाईप उभा राहिलाय. रंगसुद्धा झालाय. आता बदला म्हटलं तर मला दारात उभं करतील का?” त्या म्हणाल्या, “मग तपासलं म्हणून मी सही कशी करू?” “गरजेच्या आकड्यावर बसतंय की व्यवस्थित.” त्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “व्हॉल्व्हला गरज कळत नाही, सर. त्याला स्प्रिंग आहे फक्त.” त्यांचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि कळलं होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “तुम्हाला जिथं तिथं चूकच दिसते. म्हणून तर तुम्ही अजून चेकर आहात.”

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. टेंभुर्णीच्या चौकात त्या म्हणाल्या, “इथं थांबवा.” मला वाटलं चहासाठी. त्या डबा घेऊन उतरल्या, काचेतून “या तुम्ही” म्हणाल्या आणि जेऊरला जाणाऱ्या गाडीची चौकशी करायला स्टँडकडे चालू लागल्या. मी पाच मिनिटं थांबलो असेन. मग पुण्याला निघालो. चौदा नंबरच्या कागदावर मी पुण्यातल्या दुसऱ्या चेकरची सही घेतली, त्यानं न वाचता केली. महिनाभरात मॅडमनी राजीनामा दिला. कारण ‘घरगुती’.

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही एकाच भागात राहिलो. त्या दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायला लागल्याचं बायकोकडून कळलं. भाजीबाजारात दिसायच्या. एकदा समोरासमोर आलो तर त्यांनी मान हलवली, अगदी पूर्वीसारखी. मी वांगी निवडत राहिलो. मी वांगी खात नाही. एकदा त्यांचा फोनही आला होता, भर दुपारी. नाव दिसत होतं, मी वाजू दिला. ‘उलटा करू नंतर’ म्हटलं आणि केला नाही. माफी मागायची तर आधी तो पाईप चुकला हे कबूल करावं लागलं असतं. ते कबूल केलं असतं तर कारखान्याला कळवावं लागलं असतं. त्यापेक्षा मॅडमना टाळणं सोपं होतं. तो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडणारही नाही, असं मी स्वतःला सांगायचो. तसं ते खरंही असतं. बहुतेक व्हॉल्व्ह कधीच उघडत नाहीत. पण कोकणातल्या कुठल्या कारखान्यात काही झाल्याची बातमी आली की मी आधी गावाचं नाव वाचायचो आणि ते दुसरं निघालं की चहा प्यायचो. दोन वर्षं असा चहा प्यायलोय मी.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी जेऊरला गेलो. घरासमोर मांडव, पांढरी सतरंजी, मॅडमचा ऑफिसच्या ओळखपत्रावरूनच मोठा केलेला फोटो. वंदना झाली, दोघंतिघं बोलले. मला बोलायचा आग्रह झाला, मी हात जोडले. निघताना त्यांच्या आईंच्या पाया पडायला गेलो. म्हाताऱ्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

“तुमी मोटारवाले माने सर न्हवं?”

“हो, आई.”

“बसा की हितं. सुनी लई सांगायची तुमचं. तुमीच न्हवं त्या कारखान्याची चूक धरली? पाईप बारीक पडतोय म्हणून?”

मला वाटलं त्यांचा गोंधळ होतोय. “कोण म्हणालं?”

“तीच की. हितंच बसून फोन केलता तिनं कुना साहेबाला. आमच्या सरांनी गनित केलं, सरांनी चूक धरली, असं सांगत व्हती. मी म्हनलं, बाई, येवडं वरडून का बोलतीस? तर म्हनली, तितं मशिनी चालू हायत, ऐकू जात न्हाय.”

मी काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. सोलापूरपर्यंत गाडी कशी चालवली, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्या दिवशी त्या कारखान्यातल्या नाईकसाहेबांना फोन केला. ते तिथल्या मेंटेनन्सचे प्रमुख. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं, शाळकरी मुलासारखं. “नाईकसाहेब, तुमच्या चौदा नंबरच्या व्हॉल्व्हबद्दल एक चूक कळवायची आहे. फार आधी कळवायला हवी होती.” पलीकडून ते मोकळेपणानं हसले. “ती शेपटी ना? ती तर त्याच वर्षी शटडाऊनमध्ये बदलली, सर. सहा इंची टाकली. विसरलात का? बनसोडे मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, सरांनी गणित पुन्हा करून बघितलं, चार इंची पुरत नाही. कंपनीतून अधिकृत लिहिणं सरांना अवघड आहे, म्हणून मी कळवते. मी म्हटलं गणित पाठवा, मी आमच्याकडून बदल म्हणून दाखवतो. दोन पानं आली. वर तुमचंच नाव आहे.” मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, “मी मुद्दाम तुम्हाला फोन केला नाही. म्हटलं माणूस चांगुलपणानं स्वतःची चूक सांगतोय, त्याला कशाला अडचणीत आणा. असं कोण सांगतं हो हल्ली? मी इथल्या नव्या पोरांना तुमचं उदाहरण देतो.”

मग मी सांगितलं, सगळं. गणित माझं नव्हतं, मी नको म्हणत होतो, त्यांना काय बोललो तेही सांगितलं, आणि त्या गेल्या हेही. पलीकडून यंत्रांचा आवाज तेवढा येत होता. “मग मॅडमनी असं का सांगितलं?” नाईकसाहेबांनी विचारलं. मला माहीत नाही. नोकरी सोडलेल्या चेकरचं कोण ऐकणार, लीडचं नाव घातलं तर पाईप बदलेल, असा साधा हिशोब असेल. ही शक्यता जास्त. किंवा पुढेमागे हे उघडकीला आलं तर माझी नोकरी जाऊ नये, असंही असेल. नाईकसाहेबांनी सांगितलेला मॅडमच्या फोनचा दिवस आणि माझा फोन वाजून गेला ती दुपार एकाच आठवड्यातली निघाली, तेव्हा कदाचित नाव घालू का म्हणून विचारायलाच फोन केला असेल… मी उचलला नाही, मग त्यांनी घालून टाकलं. ज्या बाईंनी न पटलेल्या कागदावर सही केली नाही म्हणून नोकरी सोडली, त्यांनी आयुष्यातलं एक खोटं सांगितलं, आणि ते मला चांगला ठरवणारं होतं. याचा मला आनंद झाला नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. राग आला. दोन वर्षं मी ज्या पाईपला भीत होतो तो जागेवर नव्हताच, हे मला बाजारात त्यांना एकदा ‘या की चहाला’ म्हटलं असतं तरी कळलं असतं.

मी नाईकसाहेबांना म्हटलं, त्या कागदावरचं माझं नाव काढा आणि त्यांचं घाला. ते अवघडले. “सर, त्यावर ऑडिट झालंय. आता कागद बदलता येत नाही. तुमचंच नाव राहणार.” त्यांनी मला दोन्ही पानांचा फोटो पाठवला. मॅडमचं अक्षर, सरळ आणि बारीक. ‘गणित : शि. रा. माने.’ मी तो फोटो उघडला आणि आकडे न वाचता बंद केला.

मग मी ठरवलं की ते गणित करायचं. संगणकावर नाही, हातानं, त्या करायच्या तसं. जेवणाच्या टेबलावर पाठकोरे कागद घेऊन बसलो. पहिल्या दिवशी उत्तर चार इंची आलं. मी चक्रावलो. तासभर शोधल्यावर दिसलं की सवयीनं मी गरजेचाच आकडा घेतला होता. इतकं सगळं होऊनही. दुसऱ्या दिवशी क्षमतेचा घेतला, पण एक वळण मोजायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सगळी वळणं मोजली, दाब शेवटाकडून मागे मागे आणला, आणि सहा इंची आलं. मग मॅडमची पानं उघडून ओळीला ओळ लावून पाहिली. जुळली. शेवटच्या ओळीत दशांशानंतर थोडा फरक होता, आणि तो माझा होता. मी कागदावर माझं नाव लिहिलं, तारीख घातली.

गेल्या रविवारी तो कागद घेऊन मी पुन्हा जेऊरला गेलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आई ओट्यावरच होत्या, सुपात शेंगा घेऊन फोडत. मला बघून त्यांनी आत चहाला सांगितलं. मी म्हणालो, “आई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरं नव्हतं. चूक मी धरली नव्हती. त्यांनीच धरली. त्या कारखान्याच्या साहेबाला त्यांनी सांगितलं की सरांनी गणित केलं, पण मी केलं नव्हतं.”

त्यांचे हात थांबले. “म्हंजी सुनी खोटं बोलली?”

मी खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

“हे काय हाय?”

“तेच गणित. त्या पाईपाचं.”

“कुनी केलंय?”

“मी.”

“बरोबर हाय का?”

“हो. बरोबर आहे.”

“मग झालं की,” त्या म्हणाल्या, कागद माझ्या हातात परत दिला आणि सूप पुढे ओढलं. “उशिरा का हुईना, केलंत न्हवं? माजी पोर खोटं बोलनारी न्हवती.”